संगीत नाटकासाठी हाताने रंगवलेला पडदा: कापड, रंग, दिवे, टेम्पो आणि करार

कुंचला_गिरगाव

नमस्कार मंडळी. गिरगावातली एक हौशी संस्था जुनं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आणते आहे. फ्लेक्सवर छापलेली पार्श्वभूमी नको, हाताने रंगवलेले पडदेच हवेत, असा त्यांचा आग्रह आहे. काम माझ्याकडे आलं आहे. दोन पडदे आहेत, एक महालाचा आणि एक बागेचा, प्रत्येकी ३० फूट रुंद आणि १६ फूट उंच. प्रयोग साहित्य संघ, शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ असे फिरते आहेत, म्हणजे पडदे दर वेळी उतरवून टेम्पोत जाणार.

माझा सराव ताणलेल्या कॅनव्हासवरचा, फार तर ४ × ६ फुटांपर्यंतचा. त्यामुळे नेमकं हवं ते असं: कापड कोणतं आणि किती घ्यायचं? पूर्वी सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा चिकटा) आणि पुडीचे रंग वापरत, ते आज मुंबईत टिकतील का, की सरळ भिंतीला लावतात तो पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग वापरू? क्षितिजरेषा किती उंचीवर धरायची? गाणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय की रंगाचा वास आणि धूळ नको. आगीच्या बाबतीत काय काळजी घ्यायची? आणि शेवटचं, पैशांची आणि हक्कांची बोलणी कशी करायची? संस्था चांगली आहे, पण सगळं तोंडी चाललंय.

पन्हा_मोजून

आधी कापडाचं बोलू, कारण तिथे चुकलं तर पुढे दुरुस्ती नाही.

कोरा मांजरपाट घ्या, धुवून पांढरा केलेला नको. मंगळदास किंवा मुळजी जेठा मार्केटमध्ये तागाच घ्या आणि दोन्ही पडद्यांचं कापड एकाच लॉटमधलं घ्या. वेगवेगळ्या लॉटचं कापड रंग कमी-जास्त पितं आणि शिवणीच्या दोन बाजूंना दोन छटा दिसतात. पॉलिएस्टरची भेसळ तपासायला कडेचा एक दोरा जाळून बघा. सुती दोऱ्याची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. मणी आला तर कापड परत करा. ते रंग धरत नाही आणि घडीच्या सुरकुत्या सोडत नाही.

शिलाई आडवी करायची, उभी नाही. आडव्या शिवणी पडद्याच्या स्वतःच्या वजनाने ताणून सपाट होतात. उभी शिवण मात्र पन्हाळीसारखी पडते आणि बाजूचा दिवा लागला की वरपासून खालपर्यंत रेघ दिसते.

हिशोब करा. ४८ इंची पन्ह्याच्या, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या कापडाच्या, चार पट्ट्या जोडल्या तर १९२ इंच. तीन शिवणींत प्रत्येकी १ इंच जातो, वरच्या पट्टीला ३ आणि खाली ५ इंच, उरले १८१. पहिला ओला हात मारल्यावर मांजरपाट साधारण ३ टक्के आटतो, म्हणजे हाती जेमतेम १४ फूट ७ इंच. तुम्हाला १६ हवेत, तेव्हा ५४ इंची पन्हा घ्या. त्याच हिशोबाने साडेसोळा फूट मिळतात. पट्टीची लांबी साडेएकतीस फूट धरा. चार पट्ट्यांचे १२६ फूट, म्हणजे साडेअडतीस मीटर. एका पडद्याला ४० मीटर घ्या. उरलेल्या तुकड्यांवर रंगाची चाचणी करायची आहे, ते फेकू नका.

वरच्या कडेला ३ इंची सुती नवार शिवा आणि दर फुटाला एक बंद लावा, बांधल्यावर गाठ मारायला दोन्हीकडे १५-१५ इंच उरेल असा. मधल्या बंदाला लाल दोरा घाला, म्हणजे बार (पडदा बांधायची वरची आडवी नळी) खाली आला की अंधारातही मध्य सापडतो. खालचा पाइपचा खिसा कापडाच्या मागच्या बाजूने शिवा, खालच्या कडेच्या ३-४ इंच वर. त्यामुळे कापडाची कड जमिनीला टेकते आणि पाइप दिसत नाही. पाइप म्हणून पाऊण इंची कंड्युटचे (वायरिंगच्या नळीचे) १० फुटी तीन तुकडे सॉकेटने जोडले की झालं.

सरस_ते_इमल्शन

पुडीच्या रंगाचा पडदा सुंदरच दिसतो. इतका मऊ, न चमकणारा पृष्ठभाग दुसऱ्या कशाने येत नाही. पण तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. त्याची कारणं कळावीत म्हणून कृतीच सांगतो.

दाणेदार सरस १ भाग, पाणी ८ ते १० भाग, रात्रभर भिजवायचा. सकाळी पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवायचा. उकळी फुटू द्यायची नाही, उकळला की सरसाची पकड जाते. त्यात खडूची पूड घालून अस्तराचा हात. वरच्या रंगांसाठी पूड आधी नुसत्या पाण्यात खलून लापशी करायची, मग कोमट सरस मिसळायचा. ओला रंग वाळला की दोन-तीन पायऱ्या फिका होतो, म्हणून प्रत्येक छटा चिंधीवर लावून, पूर्ण वाळवून मगच पडद्यावर. सरस कमी पडला तर रंग पूड होऊन झडतो. जास्त झाला तर चमकतो आणि घडीवर तडकतो. वाळलेल्या जागेवर काळं कापड घासलं की लगेच कळतं.

आता मुंबईची हवा. तयार सरस इथल्या उकाड्यात दोन दिवसांत नासतो. पावसाळ्यात सरसाच्या पडद्यावर बुरशी धरते. टेम्पोवरच्या ताडपत्रीतून चार थेंब गळले तरी आकाशात कायमचे डाग. पडदा एका जागी टांगून राहणार असेल तर सरस जरूर वापरा. फिरत्या प्रयोगांना ॲक्रिलिक इमल्शन.

इमल्शन पूर्ण मॅट घ्या. किंचित चमक असलेलं घेतलंत तर समोरच्या दिव्यात महालाच्या भिंतीवर पांढरे चट्टे उठतात. पहिला हात ३ लिटर इमल्शन आणि ७ लिटर पाणी असा, साधारण ४८० चौरस फुटांना तेवढा पुरतो. हा हात कापड ताणलेलं असतानाच मारायचा. पुढचे रंग ताकाइतके पातळ. कॅनव्हासवर जाड रंगाची सवय असते, ती इथे सोडावी लागेल. जाड थर प्रत्येक घडीवर फुटतो आणि पडदा ताडपत्रीसारखा कडक होतो. पहिला हात धरून एका पडद्याला ८-९ लिटर इमल्शन लागेल.

सर्वांत जास्त फसगत स्टेनरमध्ये होते. स्टेनरमध्ये रंगद्रव्य असतं, धरून ठेवणारा चिकटा नसतो. लिटरमागे ३०-४० मिलीच्या वर गेलात की रंग नीट वाळत नाही आणि कपड्यांना लागतो. गडद मरून, बाटलीहिरवा, काळपट निळा हे पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर ओतून येतच नाहीत. त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात तो ॲक्रिलिक बाइंडर आणि रंगाची पेस्ट घ्या, किंवा गडद जागा थोड्या असतील तर नेहमीचे ॲक्रिलिक.

कापड जमिनीवर पसरताना खाली प्लास्टिक घालू नका. पाणी खाली साचतं, कापड त्याच पाण्यात वाळतं आणि वर रंगाची कडी उमटतात. खाकी कागद घाला, तो पाणी शोषतो आणि वाळल्यावर सुटतो. कडा चारी बाजूंनी दर फुटाला अडकवा. फरशीवर खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिला टाचा आणि चौकटीवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

चित्राचा आराखडा १ इंचाला १ फूट असा करा, म्हणजे ३० × १६ इंचांचा कागद. पडद्यावर फुटाफुटाच्या चौकटी सुताराच्या दोरीने मारा, पण दोरीला गेरू किंवा नीळ नको, दोन्ही फिक्या रंगातून वर येतात. कोळशाची पूड लावा. काम झालं की फडक्याने झटकली जाते.

फोकस_आणि_फ्लड

क्षितिजाबद्दल. चित्रात जशी मनाला येईल तिथे रेषा धरता तशी इथे धरता येत नाही, कारण पडद्यासमोर खरा, साडेपाच फुटांचा माणूस उभा राहणार आहे. रेषा रंगमंचापासून साडेचार ते पाच फुटांवर धरा, साधारण उभ्या नटाच्या डोळ्यांच्या पातळीला. ती ८ फुटांवर नेलीत तर रंगवलेली जमीन चढासारखी दिसते आणि नट खड्ड्यात उभा वाटतो. पहिल्या रांगेचा डोळा रंगमंचाच्या थोडासाच वर असतो, बाल्कनीचा कितीतरी वर. दोघांनाही बिनचूक वाटेल अशी रेषा नाही. पाच फूट ही सर्वांत कमी खटकणारी तडजोड.

खोल जाणारी खांबांची रांग रंगवणार असाल तर शेवटचा खांब नटाच्या कमरेइतका होतो. नट त्याला टेकायला गेला की सगळा भ्रम संपला. म्हणून लहान होत जाणाऱ्या गोष्टी मध्यावर ठेवा आणि तिथे समोर एखादा चौथरा किंवा कठडा मांडून वाट अडवा. प्रवेश-निर्गमनाच्या बाजूंना खऱ्या मापाचे खांब. नटांनी पडद्यापासून ४-५ फूट पुढेच राहायचं, हे दिग्दर्शकाशी आत्ताच ठरवा. प्रकाशालाही तेवढी जागा लागते, नाहीतर प्रत्येकाची सावली आकाशावर पडते.

पडद्यावर अगदी डोक्यावरून दिवा टाकू देऊ नका. तिरप्या प्रकाशात प्रत्येक सुरकुती आणि शिवण उठून दिसते. समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा, पसरट प्रकाश हवा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या जोडीने १९१०च्या दशकात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, तेव्हा रंगमंचाच्या पुढच्या कडेला खालून दिवे असत. त्या काळच्या पडद्यांची छायाचित्रं समोर ठेवून काम करणार असाल तर उजेड-सावलीची दिशा तशीच उचलू नका. तुमचे दिवे वर आहेत.

रंग एलईडीखाली तपासल्याशिवाय पक्के करू नका. घरच्या ट्यूबलाइटमध्ये राखाडी-जांभळी दिसणारी छटा रंगमंचावरच्या एलईडी पार दिव्याखाली सरळ गुलाबी होऊ शकते. अंबर, म्हणजे पिवळसर-केशरी, प्रकाशात निळा मरतो आणि करडा दिसतो. बागेचं आकाश निळं आणि प्रवेश संध्याकाळचा असेल, तर निळ्यात आधीच थोडा उबदार करडा मिसळा. प्रकाशयोजना करणाऱ्याला दोन फुटी चाचणीचा तुकडा द्या, तो पाच मिनिटांत सांगेल.

कुंचला_गिरगाव

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. गाणाऱ्यांच्या सोयीसाठी आणखी काय पाहावं? आणि पहिला प्रयोग सप्टेंबरअखेर ठरतोय, तर रंगवायला जागा आणि माणसं जुलै-ऑगस्टमध्ये मिळतील का?

पायपेटीवाला

जुलै-ऑगस्टमध्ये नाही. लालबाग-परळपासून सगळीकडे कारखाने मूर्तींनी भरलेले असतात आणि मोठ्या कामाला हात बसलेले रंगारी मंडळांच्या सजावटीत अडकलेले असतात. शिवाय हवा इतकी दमट की जाड हात दोन-दोन दिवस ओला राहतो. मे महिन्यात एखाद्या शाळेचं सभागृह घ्या. सुट्टी असते, ३५ × २० फुटांची मोकळी फरशी मिळते, पंखे असतात. गच्चीवर रंगवायचा मोह टाळा. कडक उन्हात पातळ रंग कुंचला उचलायच्या आत सुकतो, छटा मिसळता येत नाहीत, आणि वाऱ्याने कापड फुगतं.

आता गाण्याची बाजू, जी नेपथ्यात बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

तैलरंग किंवा एनॅमल कुठेच नको, सोनेरी नक्षीलाही नको. टर्पेंटाइनचा वास आठवडाभर जात नाही आणि गाणारा नेमका तोच श्वास खोल घेतो. इमल्शनलाही सुरुवातीला उग्र वास असतो, म्हणून पडदा रंगीत तालमीच्या आधी चार-पाच दिवस उघडा टांगून ठेवा. गुंडाळून ठेवलात तर वास आतच राहतो. सोनेरीसाठी पाण्यात मिसळणारा सोनेरी ॲक्रिलिक मिळतो. सुटी पूड उधळू नका, ती दोन प्रयोगांत झडून हवेत येते.

पद म्हणताना नट बहुतेक मध्यावर, पुढे येऊन उभा राहतो. प्रेक्षक तेव्हा दहा-दहा मिनिटं एकच चेहरा पाहत असतात. त्या चेहऱ्यामागचा पट्टा, साधारण ४ ते ७ फूट उंचीचा, शांत ठेवा. मध्यम छटा, बारीक नक्षी नाही, पांढरा खांब नाही, झुंबर तर अजिबात नाही. तुमची कारागिरी वर कमानींत आणि दोन्ही बाजूंना दाखवा. मंचकावर बसून पद असेल तर तोच पट्टा साडेतीन फुटांपासून सुरू होतो. कपडेपट कोण पाहतंय त्याच्याकडून शालूंचे आणि शेल्यांचे रंग आत्ताच मागवा. नायिका हिरव्या शालूत आणि मागे तितक्याच उजेडाची हिरवी बाग असेल तर ती बागेत विरघळते. बाग निळसर, दुरून धुक्यातली ठेवली की कोणताही शालू उठतो.

आवाजाचं म्हणाल तर एका पातळ कापडाने फार फरक पडत नाही, पण पडद्याच्या मागे काय आहे त्याने पडतो. मागे काही नसताना गाणाऱ्याचा आवाज मागे पसरून जातो. संस्थेकडे जाड काळा पडदा असेल तर तो मागे लावावा की नाही हे गायकांना उभं करून, ध्वनिक्षेपक बंद ठेवून ऐकूनच ठरवा. खालच्या पाइपचे सांधे चिकटपट्टीने गच्च गुंडाळा. एसीच्या झोताने पाइप जमिनीवर टकटकला तर तंबोऱ्याच्या शांत जागेत तो माइकमध्ये स्पष्ट येतो. पडद्याच्या मागून ये-जा करणाऱ्यांसाठी ३ फुटांची वाट सोडा आणि मागचं दार बंद ठेवायला एक माणूस नेमा. धावत गेलेल्या माणसाच्या वाऱ्यानेही महालाचे खांब हलतात, आणि हलणारा खांब दिसला की प्रेक्षक हसतात, भले समोर कितीही चांगली तान चालू असो.

ऑर्गन आणि तबला कोणत्या बाजूला बसणार, तेही विचारा. त्यांच्या वाचायच्या दिव्याचा उजेड पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चढतो. तो कोपरा मुळातच थोडा गडद रंगवा.

विंगेतला

आगीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. रंगवायच्या आधी कोऱ्या कापडाला बोरॅक्सचा हात द्या: १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड, पूर्ण विरघळवून. कापड नीट भिजलं पाहिजे, नुसता शिंतोडा पुरत नाही. वाळल्यावर अस्तराचा हात. हा क्षार पाण्यात विरघळतो, म्हणून पडदा कधी भिजला तर संरक्षण गेलं असं धरा.

एक धोका ध्यानात ठेवा. बोरॅक्स दिलेल्या कापडावर फेव्हिकॉल मिसळलेला रंग लावू नका. बोरॅक्समुळे तो घट्ट होऊन गोळ्या धरतो. इमल्शनही आधी तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून बघा, सगळीच सारखी वागत नाहीत.

पारख अशी: रंगवून वाळलेली एक वीतभर पट्टी चिमट्यात उभी धरायची, मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली. खालच्या टोकाला काडी दहा-बारा सेकंद लावून काढून घ्यायची. ज्योत आपोआप विझली पाहिजे आणि ठिणगी कापडात रांगता कामा नये. अशी एक पट्टी पडद्याबरोबर पिशवीत ठेवा. नाट्यगृहात कुणी विचारलं तर दाखवायला होते. आणि एवढं करूनही हॅलोजन दिवा पडद्याच्या तीन फुटांच्या आत येऊ देऊ नका.

कलम_आणि_कुंचला

पैशांचं आणि हक्कांचं. तोंडी चाललंय हे सर्वांत आधी थांबवा. यात संस्थेवर अविश्वास नाही, कायदाच तसा आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ (ब): कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे कागद नसेल तर तुमच्या महालाचं चित्र संस्था दिनदर्शिकेवर छापू शकते, दुसऱ्या नाटकाला भाड्याने देऊ शकते, आणि तुम्हाला विचारायची गरज नाही. एक साधं पत्र पुरतं: पडदा संस्थेचा, चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा, या नाटकाच्या प्रयोगांसाठी, जाहिरातीसाठी आणि चित्रीकरणासाठी वापरायची परवानगी, इतर वापरासाठी लेखी संमती. दोघांच्या सह्या आणि तारीख. चित्रकार म्हणून ओळखलं जाण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतोच. तरी जाहिरातीत, माहितीपत्रकात आणि सुरुवातीच्या घोषणेत नाव येईल, हे त्याच पत्रात लिहा.

रक्कम एकगठ्ठा सांगू नका, तोडून सांगा. आराखड्याचं मानधन वेगळं, रंगवण्याची मजुरी चौरस फुटावर, आणि कापड-रंग-शिलाई-सभागृहाचं भाडं प्रत्यक्ष पावत्यांवर. सामानाचे पैसे पूर्ण आगाऊ घ्या, तो तुमचा खर्च नाहीच. मानधनाचा अर्धा भाग आराखडा मान्य झाल्यावर, उरलेला रंगीत तालमीच्या दिवशी. पहिल्या प्रयोगानंतर म्हणाल तर तिकीटविक्रीचा हिशोब तुमच्या पैशांच्या मधे येतो. आराखड्यात किती वेळा बदल करून द्याल तेही लिहा. दोनदा ठीक. पडद्यावर काम सुरू झाल्यावरचा बदल वेगळ्या पैशांचा.

आणि डागडुजी. फिरता पडदा दहा-पंधरा प्रयोगांनंतर खालच्या दोन फुटांत मळतो आणि घडीवर उडतो. ती दुरुस्ती कोण करणार आणि किती मानधनात, हे आधी ठरलं नाही तर कुणीतरी ऑइल पेंटचा डबा घेऊन तुमच्या बागेवर फिरवतो. मूळ मिश्रणांच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या नावं घालून बाजूला काढून ठेवा.

पन्हा_मोजून

टेम्पोचं राहिलं होतं. ३० फुटी नळीवर गुंडाळणं आदर्श, पण ती ना टेम्पोत मावते ना साहित्य संघाच्या जिन्यात वळते. म्हणून उतरवताना बार हळूहळू खाली घ्या. चार जणांनी पडदा रंगाची बाजू आत ठेवून खालून वर असा मधोमध दुमडायचा, मग पुन्हा एकदा. चार फुटांचा लांब पट्टा होतो. रंगाला रंग टेकतो तिथे जुनी सुती चादर घाला. ॲक्रिलिक उकाड्यात आणि दाबाखाली स्वतःलाच चिकटतं, आणि दुपारी बंद टेम्पोत तर नक्कीच. मग हा पट्टा ६ इंची पीव्हीसी नळीच्या पाच फुटी तुकड्यावर सैलसर गुंडाळा, नवारीने दोन ठिकाणी बांधा, दोरीने आवळू नका. वर दुसरं सामान ठेवायचं नाही. लेव्हलचे (रंगमंचावरच्या चौथऱ्यांचे) लाकडी पाट तर कधीच नाहीत. पुढच्या ठिकाणी पोचल्यावर सर्वांत आधी पडदा टांगायचा, बाकी सेट नंतर. दोन-तीन तास लटकला की घड्या बऱ्याच उतरतात. ज्या उरतात त्यांवर मागच्या बाजूने फवाऱ्याने हलकं पाणी. जेमतेम ओल, भिजवायचं नाही, नाहीतर वर सांगितलेला बोरॅक्स पांढरा होऊन पुढे येतो.